उन्हाळ्यातला बर्फ वाचणारा माणूस : जॉन म्यूर

जून महिना लागला की कॅलिफोर्नियातील डोंगरभटक्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो. सिएरा नेवाडातील वरच्या खिंडी मोकळ्या झाल्या का? खाली मैदानात पारा शंभर अंश फॅरनहाइटच्या घरात गेलेला असतो आणि त्याच दिवशी बारा हजार फुटांवरची पायवाट अजून बर्फाखाली असते. योसेमिटीच्या खोऱ्यापासून व्हिटनी शिखराच्या माथ्यापर्यंत जाणारी २११ मैलांची, म्हणजे सुमारे ३४० किलोमीटरची ही पायवाट जॉन म्यूर यांच्या नावाने ओळखली जाते. हा बर्फ कुठे टिकतो, कसा सरकतो, वितळल्यावर मागे काय ठेवून जातो, या प्रश्नांचा पाठपुरावा त्यांनी उभे आयुष्य केला. कारखान्यात यंत्रे जुळवणाऱ्या एका कारागिराने या छंदापायी भूगर्भशास्त्रातील प्रस्थापित मत हलवले आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या इतिहासावर आपला ठसा उमटवला.

सह्याद्रीत वाढलेल्या भटक्याला पाऊस कळतो. ओढा कधी चढेल, कोणत्या घळीत उतरू नये, निसरड्या कातळावर पाऊल कसे टाकावे, हे त्याला सांगावे लागत नाही. परंतु निरभ्र आकाशाखाली, रणरणत्या उन्हात ओढा चढतो आणि ऐन उन्हाळ्यात वाट बर्फाने अडते, ही गोष्ट त्याला इकडे आल्यावर नव्याने शिकावी लागते. म्यूर हेही या पर्वतात परके म्हणूनच आले होते. त्यांनाही ती नव्यानेच शिकावी लागली.

डनबार ते विस्कॉन्सिन

जॉन म्यूर यांचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील डनबार या गावी झाला. वडील डॅनियल म्यूर कमालीचे धर्मनिष्ठ आणि तितकेच कठोर. बायबलचा नवा करार संपूर्ण आणि जुना करार बहुतांश मुलाने मुखोद्गत केला, तो छडीच्या धाकाने. जॉन अकरा वर्षांचा होण्याच्या सुमारास, १८४९ साली, हे कुटुंब अटलांटिक ओलांडून विस्कॉन्सिनच्या जंगलात वसले. झाडे तोडून शेत करायचे होते आणि थोरला मुलगा म्हणून नांगराचा भार जॉनवर पडला.

पुढे वडिलांनी दुसरी जमीन घेतली. तिथे पाणी नव्हते. विहीर खणण्याचे काम जॉनच्या वाट्याला आले. खाली वालुकाश्म लागला, सुरुंग जमेना, तेव्हा छिन्नी आणि हातोडा घेऊन तो महिनोन्‌महिने एकटा त्या अरुंद खड्ड्यात दगड फोडत राहिला. सुमारे ऐंशी फूट खोलीवर एका सकाळी तळाशी साचलेल्या विषारी वायूने तो गुदमरला. बादलीत बसवून त्याला कसाबसा वर ओढण्यात आला. एकदोन दिवसांच्या विश्रांतीनंतर तो पुन्हा खाली उतरला आणि नव्वद फुटांवर पाणी लागेपर्यंत खणत राहिला. पुढील आयुष्यात ज्या चिवटपणाने तो कडे चढला, त्याची तालीम या विहिरीत झाली असे म्हणायला हरकत नाही.

दिवसभर शेतीचे काम असल्याने वाचायला वेळ नसे. हवे तर पहाटे लवकर ऊठ, अशी परवानगी वडिलांनी दिली. मुलगा रात्री एक वाजता उठू लागला. तळघरात बसून त्याने लाकूड कोरून घड्याळे बनवली, आणि ठरल्या वेळी झोपलेल्या माणसाला उभे करणारी खाटही बनवली. ही यंत्रे घेऊन तो १८६० साली मॅडिसनच्या राज्य प्रदर्शनात गेला आणि तिथून विद्यापीठात पोहोचला. पदवी न घेताच त्याने विद्यापीठ सोडले. परंतु तिथे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक एझ्रा कार आणि त्यांच्या पत्नी जीन कार यांचा स्नेह लाभला. जीन कार यांनी पुढे अनेक वर्षे या तरुणाला योग्य माणसांशी जोडून दिले आणि लिहिते केले.

अंधाऱ्या खोलीतील आठवडे

मार्च १८६७ मध्ये म्यूर इंडियानापोलिस येथे घोडागाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करत होते. पट्ट्याचे काम करताना हातातील कानस निसटली आणि तिचे टोक उजव्या डोळ्यात घुसले. काही तासांत त्या डोळ्याची दृष्टी गेली आणि धक्क्याने दुसराही डोळा अंधारला. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. दृष्टी हळूहळू परत आली, पण कारखान्यात परतण्याची इच्छा मात्र उरली नाही. चांगल्या पगाराची, बढतीची आणि पुढे भागीदारीची शक्यता असलेली वाट त्यांनी सोडली. त्यांचे वय तेव्हा एकोणतीस होते.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात केंटकीहून निघून ते सुमारे हजार मैल चालत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पोहोचले. तिथे हिवतापाने गाठले. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यात जाण्याचा बेत फसला. क्यूबा, न्यूयॉर्क आणि पनामा असा वळसा घेऊन मार्च १८६८ च्या अखेरीस ते सॅन फ्रान्सिस्कोत उतरले आणि तिथून पायीच योसेमिटीकडे निघाले. पाचेको खिंडीतून त्यांना समोर फुलांनी भरलेले विस्तीर्ण मैदान दिसले आणि त्यापलीकडे क्षितिजावर बर्फाच्छादित पर्वतरांग.

मेंढ्यांमागचा उन्हाळा

उदरनिर्वाहासाठी म्यूर मेंढपाळ झाले. कॅलिफोर्नियाच्या मैदानात मेअखेर गवत वाळून जाते. तेव्हा मेंढ्यांचे कळप डोंगरात नेण्याची पद्धत होती. खालचा बर्फ वितळला की तिथे कोवळे गवत येते, ते संपेपर्यंत त्याहून वरचा बर्फ वितळलेला असतो. अशा रीतीने मागे सरणाऱ्या बर्फाच्या पाठोपाठ कळप टप्प्याटप्प्याने वर चढे. ३ जून १८६९ रोजी दोन हजारांहून अधिक मेंढ्यांच्या कळपासोबत म्यूर निघाले. मालक पॅट डेलनी यांनी त्यांना मुद्दाम सोबत घेतले होते. प्रत्यक्ष मेंढ्या वळणारा माणूस वेगळा होता, आणि त्यामुळे वही, भिंग आणि कार्लो नावाचा कुत्रा घेऊन हिंडायला म्यूर यांना भरपूर मोकळीक मिळाली.

या एका उन्हाळ्याने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. ऑगस्टमध्ये कळप टुऑलमीच्या साडेआठ हजार फुटांवरील कुरणांत पोहोचला. तिथल्या ग्रॅनाइटच्या कातळांवर म्यूर यांना आरशासारखी झिलई दिसली. तिच्यावर एकाच दिशेने गेलेले समांतर ओरखडे होते. सपाट कातळावर मधेच एखादा अजस्र धोंडा एकटाच पडलेला दिसे, आणि त्या धोंड्याचा दगड भोवतालच्या दगडाहून वेगळा असे. पाण्याने हे केलेले नव्हते. ७ सप्टेंबर रोजी ते जवळपास अकरा हजार फूट उंचीच्या कॅथिड्रल शिखराच्या सुळक्यावर एकटे चढले. त्या सुळक्यावरील ही पहिली ज्ञात चढाई. चोहीकडे पसरलेले ते दृश्य पाहून त्यांची खात्री पटत गेली की हा सारा प्रदेश एकेकाळी बर्फाच्या प्रवाहांखाली होता.

याच उन्हाळ्यात त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. मेंढ्यांचा कळप जिथून जाई तिथे फुलाचा देठही शिल्लक राहत नसे. ज्या कळपाच्या आधाराने ते वर आले होते, तोच कळप त्या कुरणांचा घास घेत होता. वीस वर्षांनी या निरीक्षणाचे रूपांतर कायद्यात व्हायचे होते.

हलणारा बर्फ

योसेमिटीचे खोरे कसे तयार झाले, याविषयी त्या काळचे अधिकृत उत्तर कॅलिफोर्निया भूगर्भ सर्वेक्षणाचे प्रमुख जोसाया व्हिटनी यांनी दिले होते. पृथ्वीच्या एखाद्या प्रचंड उलथापालथीत खोऱ्याचा तळ खचला, असे त्यांचे मत होते. व्हिटनी हार्वर्डचे प्राध्यापक होते आणि म्यूर त्या वेळी खोऱ्यातील एका लाकूड गिरणीवर कामाला होते. हे खोरे बर्फाने कोरले, असे म्यूर पर्यटकांना सांगू लागले, तेव्हा व्हिटनींनी त्यांना अडाणी मेंढपाळ ठरवून मोडीत काढले.

म्यूर यांनी वाद घालण्यापेक्षा पुरावा शोधला. १८७१ च्या शरदात मर्सेड शिखराच्या परिसरात एका ओढ्याच्या पाण्यात त्यांना अतिशय बारीक, करडा गाळ दिसला. दगडावर दगड दळला गेल्याखेरीज असे पीठ तयार होत नाही. त्या गाळाचा माग काढत ते वर चढले. पुढे ताज्या दगडगोट्यांचा उंच बांध लागला आणि त्यामागे बर्फाचा उतरता थर. तो साधा उरलासुरला बर्फ नव्हता, जिवंत हिमनदी होती. सिएरात हिमनद्या नाहीत, असे तोवर मानले जात असे. ५ डिसेंबर १८७१ रोजी न्यूयॉर्क ट्रिब्यून या वृत्तपत्रात त्यांचा योसेमिटीच्या हिमनद्यांवरील लेख छापून आला. तो त्यांचा पहिला प्रसिद्ध लेख.

उन्हाळ्यात डोंगरावर टिकून राहिलेला बर्फ आणि हिमनदी यांत फरक काय? उरलेला बर्फ जागच्या जागी वितळतो. हिमनदी स्वतःच्या वजनाने उताराकडे वाहते, फक्त तिचा वेग डोळ्यांना दिसत नाही. हा वेग मोजायचा म्हणून म्यूर यांनी २१ ऑगस्ट १८७२ रोजी मॅक्लुअर शिखराच्या हिमनदीवर एका सरळ रेषेत खुंट ठोकले. ६ ऑक्टोबरला, म्हणजे ४६ दिवसांनी, त्यांनी ते पुन्हा पाहिले. काठाजवळचा खुंट ११ इंच पुढे सरकला होता आणि मध्याजवळचा ४७ इंच. दिवसाला साधारण एक इंच. व्हिटनींच्या पदव्यांना हे लाकडी खुंट पुरेसे उत्तर होते.

काळाने या वादात म्यूर यांच्या बाजूने कौल दिला, पण पूर्णपणे नव्हे. संपूर्ण सिएरावर एकच अखंड हिमथर होता आणि खोरे जवळजवळ केवळ बर्फानेच कोरले, ही त्यांची कल्पना अतिरेकी होती. नद्यांनी आधी खोल दरी कापली आणि हिमनद्यांनी ती रुंद केली, असे फ्रांस्वा मॅथेस यांनी १९३० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. मॅक्लुअर हिमनदीची कथा मात्र अजून चालू आहे. म्यूर यांच्या मोजणीनंतर सुमारे १४० वर्षांनी योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या शास्त्रज्ञांनी तिथे पुन्हा खुंट रोवले. आकाराने खूपच आक्रसलेली ती हिमनदी अजूनही दिवसाला सुमारे एक इंच सरकताना आढळली. शेजारच्या लायल हिमनदीचे सरकणे मात्र थांबलेले होते. जी वाहत नाही तिला हिमनदी म्हणता येत नाही.

जिवावरचे प्रसंग

म्यूर यांची सामग्री ऐकली तर आजचा भटक्या चक्रावून जाईल. पाव, चहा, वही आणि खिळे ठोकलेले बूट. पुष्कळदा पांघरूणही नसे. रात्र शेकोटीच्या आधाराने काढायची. ही हौस कित्येकदा त्यांच्या जिवावर बेतली.

ऑक्टोबर १८७२ मध्ये ते रिटर शिखरावर एकटे गेले. तेरा हजार फुटांहून उंच अशा या शिखरावर त्याआधी कोणी चढल्याची नोंद नव्हती. एका उभ्या कड्याच्या मध्यावर त्यांचे हात दोहो बाजूंना कातळाला चिकटलेले आणि पाय खिळलेले, अशी अवस्था झाली. वर सरकता येईना, खाली उतरता येईना. क्षणभर मृत्यू अटळ वाटला. मग अचानक मन स्थिर झाले, कातळातील प्रत्येक भेग स्पष्ट दिसू लागली आणि ते वर पोहोचले. उतरताना त्यांनी दुसऱ्या बाजूची हिमनदी निवडली. उन्हाने तिचा पृष्ठभाग मऊ झाला होता, त्यामुळे धावत, घसरत ते लवकर खाली आले. हाच उतार पहाटे काचेसारखा कठीण असता. उन्हाळी बर्फावर चालणाऱ्याने घड्याळ का पाहावे, हे या एका प्रसंगातून कळते.

पुढच्या वर्षी ते व्हिटनी शिखराकडे वळले. आपल्याला अडाणी ठरवणाऱ्या माणसाचे नाव त्या शिखराला होते, हा योगायोगच. पहिल्या प्रयत्नात शिखराजवळ रात्र झाली. थंडीत गोठू नये म्हणून ते रात्रभर हातपाय हलवत, नाचत राहिले आणि पहाटे माथा न गाठता मागे फिरले. खाली उतरून त्यांनी अन्न आणि विश्रांती घेतली, पूर्वेकडील घळीची नवी वाट शोधली आणि २१ ऑक्टोबर १८७३ रोजी माथा गाठला. ती वाट आजही गिर्यारोहक वापरतात.

सर्वांत भीषण रात्र शास्ता शिखरावर गेली. ३० एप्रिल १८७५ रोजी वायुभाराच्या नोंदी घेण्यासाठी म्यूर आणि जेरोम फे हे दोघे चौदा हजार फुटांवर होते. दुपारी नोंद पूर्ण करण्याच्या हट्टापायी म्यूर यांनी उतरायला उशीर केला आणि वादळाने गाठले. धारेवरून उतरणे अशक्य आहे असे फे यांनी ठामपणे सांगितले. माथ्याजवळ ज्वालामुखीची उष्ण वाफ बाहेर पडणारी जागा होती. तिथल्या चिखलात दोघे रात्रभर पडून राहिले. अंगाची एक बाजू भाजत होती, दुसरी गोठत होती आणि विषारी वायूने श्वास कोंडत होता. सकाळी दोघे जिवंत उतरले. परंतु हिमदंशाचा त्रास म्यूर यांच्या पायांना पुढेही होत राहिला.

योसेमिटीतील एका हिवाळी दिवशी ते बर्फाने भरलेल्या घळीतून सकाळपासून संध्याकाळपर्यंत चढत गेले. माथ्याजवळ पोहोचताच पायाखालचा थर सुटला. पाठीवर पडून, हात पसरून ते त्या लोंढ्याबरोबर खाली आले. जे चढायला अख्खा दिवस लागला ते उतरायला साधारण एक मिनिट लागले. त्यांना खरचटलेही नाही. अशा कथा ऐकून वाचकाला स्फुरण चढते. पण दैवाने हात दिला म्हणून ही कथा सांगायला ते उरले, एवढे भान वाचकाने ठेवलेले बरे.

लेखणी आणि कायदा

१८८० साली लुई स्ट्रेंट्झेल यांच्याशी विवाह झाल्यावर म्यूर मार्टिनेझ येथे स्थायिक झाले. सासऱ्यांची फळबाग त्यांनी वर्षानुवर्षे उत्तम चालवली, द्राक्षे आणि नासपतीचा धंदा केला, चांगली पुंजी जमवली. वांडा आणि हेलन या दोन मुली झाल्या. मधूनमधून ते अलास्काच्या हिमनद्यांकडे जात. डोंगरापासून दूर राहून नवऱ्याची प्रकृती खालावते आहे, हे ओळखून लुईंनीच त्यांना पुन्हा पर्वतात जायला लावले.

१८८९ साली सेंच्युरी मासिकाचे संपादक रॉबर्ट अंडरवूड जॉन्सन यांना घेऊन म्यूर टुऑलमीच्या कुरणांत गेले. फुलांची कुरणे मेंढ्यांनी तुडवून उघडी पडली होती. प्रश्न केवळ सौंदर्याचा नव्हता. वरच्या खोऱ्यांतील गवत आणि अरण्य बर्फाचे पाणी धरून ठेवते आणि उन्हाळाभर सावकाश खाली सोडते. ते गेले तर मैदानातील शेतीलाही झळ पोहोचणार होती. म्हणून नद्यांच्या उगमाचा सारा प्रदेश राखला पाहिजे, असा म्यूर यांचा आग्रह होता. त्यांनी लेख लिहिले, जॉन्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये खटपट केली आणि १ ऑक्टोबर १८९० रोजी योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. १८९२ साली सिएरा क्लब स्थापन झाला आणि म्यूर अखेरपर्यंत त्याचे अध्यक्ष राहिले.

मे १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लवाजमा मागे ठेवून म्यूर यांच्यासोबत तीन रात्री उघड्यावर काढल्या. त्यांतील एका रात्री ग्लेशिअर पॉइंटच्या बाजूला बर्फ पडला आणि सकाळी दोघे बर्फाच्या पांघरुणाखालून उठले. योसेमिटीचे मूळ खोरे तोवर कॅलिफोर्निया राज्याच्या ताब्यात होते. १९०६ साली ते केंद्राच्या उद्यानात सामील झाले. रूझवेल्ट भेटीनंतर म्यूर जगाच्या सफरीवर निघाले. त्या प्रवासात ते भारतातही आले आणि हिमालयातील देवदार पाहून गेले.

हेच हेचीचा पराभव

योसेमिटीच्या उत्तरेला टुऑलमी नदीवर हेच हेची नावाचे दुसरे खोरे होते. तिथे धरण बांधून पाणी आणण्याची सॅन फ्रान्सिस्कोची जुनी मागणी होती. १९०६ च्या भूकंपानंतर आणि आगीनंतर तिला जोर आला. राष्ट्रीय उद्यानाच्या आत धरण बांधले तर कोणतेही उद्यान सुरक्षित राहणार नाही, असे म्यूर यांचे म्हणणे होते. उलट बाजूला आगीत होरपळलेल्या लोकांच्या पाण्याचा प्रश्न होता. सिएरा क्लबमध्येही दुफळी झाली. १९ डिसेंबर १९१३ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी धरणाच्या कायद्यावर सही केली. एका वर्षाने, २४ डिसेंबर १९१४ रोजी, लॉस एंजेलिस येथे न्यूमोनियाने म्यूर यांचे निधन झाले. अलास्कावरील पुस्तकाचे हस्तलिखित अखेरच्या दिवसांतही त्यांच्यासोबत होते.

हेच हेचीचे पाणी १९३४ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात पोहोचले. आज ती व्यवस्था सुमारे २७ लाख लोकांची तहान भागवते. पालो आल्टो किंवा माउंटन व्ह्यू येथील आपल्या स्वयंपाकघरातील नळाला येणारे पाणी बहुतांशी याच पर्वतावरचा वितळलेला बर्फ असते. म्यूर हरले त्या लढाईचे फळ आपण रोज पितो. त्यामुळे त्यांची बाजू घेताना थोडी नम्रता आपल्या अंगी असावी.

नम्रतेची गरज आणखी एका बाबतीत आहे. योसेमिटीचे खोरे निर्जन नव्हते. तिथल्या अवानीची लोकांना १८५१ साली सशस्त्र तुकडीने हुसकून लावले होते. म्यूर यांच्या सुरुवातीच्या लेखनात मूलनिवासींविषयी आणि कृष्णवर्णीयांविषयी तुच्छतेचे उल्लेख येतात. अलास्कातील सहवासानंतर मूलनिवासींविषयीचा सूर बदलला, तरी ती नोंद पुसली जात नाही. सिएरा क्लबनेच २०२० साली जाहीरपणे या वारशाची चिकित्सा केली.

त्यांच्या नावाची वाट

म्यूर यांच्या निधनानंतर काही महिन्यांतच, १९१५ साली, कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्यांच्या नावाच्या पायवाटेसाठी दहा हजार डॉलर मंजूर केले. मूळ कल्पना थिओडोर सॉलोमन्स यांची होती. वाट पूर्ण झाली ती १९३८ साली, म्यूर यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी. तिच्यावर ११,९५५ फूट उंचीची म्यूर खिंड आहे. तिच्या दोन बाजूंच्या तळ्यांना वांडा आणि हेलन अशी त्यांच्या मुलींची नावे आहेत. खिंडीच्या माथ्यावर सिएरा क्लबने १९३० साली बांधलेली दगडी झोपडी वादळात सापडलेल्यांना आसरा देते. या खिंडीचा उतार मंद आहे, परंतु दोन्ही बाजूंची वाट मैलोन्‌मैल उंचावरून जाते. त्यामुळे जास्त हिमवृष्टीच्या वर्षी इथला बर्फ इतर खिंडींच्या मानाने लांबवर पसरलेला आणि हटवादी असतो.

वर्षावर्षांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एप्रिल २०१५ मध्ये राज्यातील हिमसाठा सरासरीच्या अवघा पाच टक्के होता. एप्रिल २०२३ मध्ये दक्षिण सिएरात तो सरासरीच्या तिप्पट होता, आणि त्या वर्षी टुऑलमीला जाणारा टायोगा रस्ता २२ जुलैला उघडला. म्हणून गेल्या वर्षी मित्र जुलैत आरामात जाऊन आला, हा यंदासाठी पुरावा होत नाही.

बर्फाची दिनचर्या मात्र म्यूर यांच्या काळी होती तीच आहे. रात्री थर गोठतो. पहाटे तो कठीण आणि निसरडा असतो. तेव्हा उभ्या उतारावर बुटांना काटे आणि हातात आइस ॲक्स हवी, आणि ती वापरण्याचा सराव आधी केलेला हवा. उन्हे वर आली की थोडा वेळ पाऊल नीट रुतते आणि बर्फ धरतो. खिंड ओलांडायची ती याच वेळात. दुपारी पाय मांडीपर्यंत खचू लागतो, आणि आत दगड असेल तर नडगीच मोडायची. उन्हाने पृष्ठभागावर वाट्यांसारखे खळगे पडतात, त्यांतून एक मैल चालायला दोन मैलांचे श्रम होतात. खिंडींच्या उत्तरेकडील अंगाला ऊन कमी लागते, म्हणून तिथला बर्फ सर्वांत शेवटी जातो. ओढ्यावरचा बर्फाचा पूल वरून भक्कम दिसतो आणि खालून पाण्याने पोखरलेला असतो.

खरा घातक शत्रू बर्फापेक्षा त्याचे पाणी. दिवसभर वितळलेले पाणी दुपारनंतर ओढ्यांत उतरते आणि संध्याकाळी लोंढा होतो. पहाटे तोच ओढा बराच ओसरलेला असतो. २०१७ च्या भरघोस बर्फाच्या उन्हाळ्यात सिएरातील ओढे ओलांडताना दोन पदयात्री महिलांचा बुडून मृत्यू झाला. दोघींनाही डोंगर नवा नव्हता, मैलोन्‌मैल चालून त्या तिथवर पोहोचल्या होत्या. वेळ चुकली असे वाटले तर काठावर तंबू ठोकून सकाळची वाट पाहावी. सुट्टीचा एक दिवस जाईल, परतीचे विमान चुकेल, ठरलेल्या दिवशी कामावर हजर होता येणार नाही. परवाना मिळवायला किती महिने लागले, हेही मनात येईल. डोंगराला यातले काहीच ठाऊक नसते.

म्यूर यांची साहसे सर्वांना आठवतात. व्हिटनीच्या माथ्यापासून थोड्या अंतरावरून ते मागे फिरले होते, हे फारसे कुणाला आठवत नाही. त्या पहाटे ते खाली उतरले, जेवले, झोपले, दुसरी वाट शोधली आणि मगच पुन्हा चढले. यंदा खिंडीच्या पायथ्याशी उभे राहून वरचा पांढरा उतार न्याहाळताना त्यांचा हा प्रसंग आपल्या सोबत असू द्यावा.